पर्समधले थेंब

पन्नाशी ओलांडली, केसांत चांदी आली, वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवता शिकवता कितीतरी डॉक्टर हाताखालून गेले, तरी सासरी तिला सगळे अजून धाकटीच म्हणत. धाकटी डॉक्टर होती खरी, पण घरच्यांच्या हिशेबी अर्धीच. ती पेशंट तपासत नसे. कुठली गोळी शरीरात जाऊन काय करते, दोन गोळ्या एकमेकींच्या पायात पाय कशा घालतात, हे ती फळ्यावर शिकवायची. घरात कुणाला ताप आला, की थोरले भावजी तिच्यासमोरच म्हणत, "चला, जरा खऱ्या डॉक्टरला दाखवून येऊ." त्यात कुजकेपणा नव्हता. तेही हसत, तीही हसायची. हसून झाल्यावर मात्र कधीतरी तिला वाटायचं, की यांचं फार काही चुकत नाही. एका माणसाच्या जिवाची जबाबदारी अंगावर घेऊन तिनं शेवटचं औषध लिहिलं होतं, त्याला आता जमाना झाला होता.

आत्या तिच्या नवऱ्याची आत्या. नवरा आणि थोरले भावजी, या दोघा भावांची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानंच त्यांना वाढवलं. लग्न केलं नाही. पोहायला शिकवणं हा तिचा पेशा आणि तेच तिचं वेड. सत्तरी उलटली तरी रोज सकाळी ती तलावावर हजर असायची आणि नव्या मुलांना पाण्यात उतरवायची. आवाज असा, की पलीकडच्या काठावरचा माणूसही दचकून पाठ सरळ करायचा. दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची, आणि "मला काऽही होत नाही" हे तिचं पालुपद होतं.

ती आत्या गेल्या काही आठवड्यांत विझत चालली होती. रविवारी जेवायला यायची, तर ताटावरच पेंगायची. बोलायला लागली की मध्येच गप्प व्हायची. भावजींनी डोळ्यांनीच धाकटीला खुणावलं होतं, की वय झालं, दुसरं काय. धाकटीलाही तसंच वाटलं होतं. आणि मग एका सकाळी तलावाच्या काठावर, मुलांना हात कसे मारायचे ते दाखवता दाखवता, आत्या सरळ खाली कोसळली. नशीब थोर म्हणून फरशीवर पडली. हातभर अलीकडे पडली ती. पलीकडे पाणी होतं.

दवाखान्यात नेलं तेव्हा नाडी चौतीस होती.

हृदयाचा डॉक्टर धाकटीचाच जुना विद्यार्थी निघाला. कानशिलं पांढरी झाली होती, पण तिला पाहताच तो वर्गात उभा राहायचा तसा उभा राहिला. "मॅडम, तुमच्या विषयानं मला एकदा नापास केलंय," तो म्हणाला, "म्हणून औषधं आधीच विचारून घेतलीत." ते खरंच होतं. आत्याच्या टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं. महिन्याभरापूर्वी तिच्या घराजवळच्या डॉक्टरांनी सुरू केलेली डिल्टियाझेम. रक्तदाब उतरवता उतरवता ती हृदयाचे ठोकेही मंद करते. त्यानं ती आल्या आल्या बंद केली. शिवाय काही घेता का, असं आत्याला दोनदा विचारलं. आत्यानं दोन्हीदा ताठ मानेनं सांगितलं, "मी औषधं घेत नाही. ही गोळीसुद्धा डॉक्टरनं गळ्यात मारली म्हणून."

गोळी बंद केली, म्हणजे दोन दिवसांत नाडी वर यायला हवी होती. ती अडतीसपर्यंत आली आणि तिथंच अडून बसली. ठोके वाढवायचं इंजेक्शन दिलं, की जराशी उचलायची आणि पुन्हा मूळ पदावर. रक्ताच्या तपासण्या चांगल्या, हृदयाच्या झडपा चांगल्या. शेवटी डॉक्टरनं दोघा भावांना बोलावून समजावलं, की हृदयाला ठोके देणारी मूळ जागाच थकलेली दिसते, पेसमेकर बसवावा लागेल. उद्या सकाळी करू. भावजींनी सह्या केल्या.

धाकटीनंही मान डोलावली होती. डॉक्टरच्या बोलण्यात खोट काढायला कुठं जागाच नव्हती. तरी दुपारी आत्याजवळ बसायची पाळी तिची आली, तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. गोळी तर शरीरातून निघून गेली असणार. मग हे हृदय अजून कुणाचं ऐकतंय?

खोलीत दोन खाटा होत्या, दुसरी रिकामी. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. आत्याच्या डोक्याशी मॉनिटर हिरव्या अक्षरांत अडतीस, सदतीस, अडतीस दाखवत होता. आत्या डोळे मिटून पडली होती. धाकटीला वाटलं, झोप लागलीय, म्हणून ती तांब्या भरून आणायला बाहेर गेली. परतली तेव्हा आत्या अर्धवट उठून बसलेली, मान मागे टाकलेली, आणि एका हातानं डोळा ताणून दुसऱ्या हातातली बारकीशी बाटली डोळ्यावर पिळत होती. एक थेंब, दोन थेंब, आणखी एक. गालावरून ओघळ आला तो तिनं बोटानं पुसला आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळली.

"आत्या, हे काय?"

आत्या अशी दचकली, की बाटली पांघरुणात पडली. "काही नाही गं. डोळे कोरडे पडतात, म्हणून आपलं…"

धाकटीनं बाटली उचलली. त्यावरचं नाव वाचलं. टिमोलोल. दोन क्षण तिला तांब्या कुठं ठेवावा तेच सुचेना.

हेच औषध गोळीच्या रूपात कुणी घेतलं असतं, तर पहिल्या वर्षाच्या पोरानंही बोट ठेवलं असतं. ठोके मंद करणाऱ्या औषधांच्या घराण्यातलंच ते. पण डोळ्यातला थेंब सगळाच्या सगळा डोळ्यात राहत नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक वाट नाकात उतरते, तिथून घशात. नाकाच्या ओल्या अस्तरातून औषध थेट रक्तात शिरतं. गोळीला आधी यकृताच्या नाक्यावर अडवून निम्मंशिम्मं केलं जातं. थेंबाला वाटेत तो नाकाच लागत नाही. नुसता थेंब आत्याच्या दणकट हृदयानं आजवर सोसला असेल. पण महिन्याभरापूर्वी त्याच्या जोडीला ती रक्तदाबाची गोळी आली, आणि दोघांनी मिळून लगाम ओढला. गोळी बंद झाली. थेंब मात्र चालूच होते, इथंसुद्धा, डॉक्टर-नर्सच्या नाकावर टिच्चून, पर्समधून.

"हे घातल्यावर घशात कडू लागतं का हो?" तिनं विचारलं.

"कडूजहर," आत्या म्हणाली. मग एकदम सावध झाली. "तुला काय ठाऊक?"

"दिवसातून किती वेळा घालता?"

"दोनदा सांगितलंय. पण निम्मं गालावरच जातं, म्हणून मी दोन-तीन थेंब जास्तीच घालते. आणि हल्ली शंका आली की मधे पुन्हा एकदा."

"मग डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"अगं, थेंब म्हणजे काय औषध असतं का? पोटात थोडंच जातंय?" एवढं बोलून आत्या थांबली. तिचा तो तलावावरचा आवाज कुठल्या कुठं गेला. "आणि सांगितलं असतं, तर कशाचे थेंब ते विचारलं असतं त्यानं. धाकटे, माझ्या डोळ्यांत दाब वाढलाय. काचबिंदू म्हणतात. माझ्या आईला तोच होता. शेवटी शेवटी ती भिंत चाचपत चालायची, आणि आम्ही पुढ्यात उभे असलो तरी कोण आहे म्हणून विचारायची. डोळ्यांच्या डॉक्टरनं मला बजावलंय, थेंब चुकवू नका, गेलेली नजर परत येत नाही. आणि तलावावर कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. जिला दिसत नाही तिच्या हाती पोरं कोण देईल? म्हणून कुणालाही बोलले नाही. तूही बोलायचं नाहीस. शपथ आहे माझी."

धाकटी खाटेच्या कडेवर बसली. आत्याचा हात तिनं हातात घेतला. बर्फासारखा गार होता.

"आत्या, हृदयाच्या डॉक्टरला सांगावंच लागेल. तुमचं हृदय बहुधा चांगलं आहे. या थेंबांनी त्याला दाबून धरलंय."

"आणि थेंब बंद केले, तर डोळे?"

या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर चालणार नव्हतं. वर्गात ती सहज म्हणाली असती, औषध थांबवा. इथं समोर एक बाई होती, आईचे आंधळे हात आठवत बसलेली. "डोळे वाऱ्यावर सोडणार नाही," ती म्हणाली. "याच कामाचे दुसरे थेंब मिळतात. ते डोळ्यातलं पाणी वेगळ्या वाटेनं बाहेर काढतात, हृदयाच्या वाटेला जात नाहीत. मी तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी स्वतः बोलते. घरात मात्र कुणाला सांगणार नाही. झालं?"

आत्यानं उशीखालून पर्स काढून तिच्या मांडीवर ठेवली. डॉक्टरांचा नंबर आत होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "मला त्या म्हणाल्या होत्या, दुसरं कुठलंच औषध घेत नाही." त्या वेळी ते खरंही होतं. गोळी पुढे आली. थेंब आत्ताच्या आत्ता थांबवायला त्यांची हरकत नव्हती. नवे थेंब त्यांनी लगेच सांगितले, आणि मध्ये एक दिवस गेला तरी नजरेला धोका नाही, असंही दोनदा सांगितलं. इकडे हृदयाच्या डॉक्टरनं बाटली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. "मी दोनदा विचारलं होतं, मॅडम," तो हळूच म्हणाला. "त्यांनी खोटं सांगितलं नाही," धाकटी म्हणाली, "त्यांच्या लेखी हे औषध नव्हतंच." तो हसला. मग गंभीर झाला. थांबायला तो तयार होता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, की तुमचा अंदाज चुकला तर आणखी एक दिवस हे हृदय असंच रखडत चालेल. ठोके द्यायला हृदयात तात्पुरती तार घालायची तयारी खाटेशी ठेवू, मॉनिटरवरून नजर हलणार नाही, आणि जरा जरी खाली घसरलं तर मी कुणाला विचारत बसणार नाही.

"चालेल," धाकटी म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत भावजींना कळलं, की उद्याचं पुढं ढकललंय, आणि ते धाकटीच्या सांगण्यावरून. ते तडक खोलीबाहेरच्या बाकापाशी आले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

"धाकटे, तू शिकवतेस ते सगळं बरोबर असेल. पण ती आपली आत्या आहे. फळ्यावरचा पेशंट नव्हे, की उत्तर चुकलं तर डस्टरनं पुसून टाकलं."

"भावजी, कारण आहे."

"मग सांग ना कारण."

तिला आत्याची शपथ आठवली. नवरा शेजारी उभा होता. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, ती म्हणतेय तर असेल काहीतरी."

"असेल काहीतरीवर माझी आत्या टांगून ठेवू?" भावजी म्हणाले. "आम्हाला दुसरी आई नाहीये गं."

तेवढ्यात दार किलकिलं होतं तिथून आतून आवाज आला. थकलेला, पण तलावावरच्या शिट्टीच्या जातीचा. "अरे, तिच्यावर काय ओरडतोस? इकडे ये. दोघंही या."

सगळे आत गेले. आत्यानं उशीला टेकून, छताकडे बघत, एकदाचं सगळं सांगून टाकलं. काचबिंदू, आई, थेंब, तलाव. सांगून झाल्यावर भावजींकडे वळली. "हिला मी शपथ घातली होती. म्हणून ती तोंडाला कुलूप लावून तुझं ऐकून घेत होती. आता म्हण काय म्हणायचंय ते."

भावजी आत्याच्या पायाशी बसले आणि पांघरूण उगाच नीट करत राहिले. "डोळ्यांचं मला सांगायचं होतंस," एवढंच शेवटी म्हणाले.

"सांगितलं असतं, तर तू मला काठीला धरून फिरवलं असतंस."

"फिरवलंच असतं," भावजी म्हणाले, आणि इतक्या तणावातही धाकट्या भावाला हसू फुटलं.

त्या रात्री धाकटी घरी गेली, कारण भावजींनी स्वतः थांबायचा हट्ट धरला. झोप कुठली लागणार? तिला वर्गात पुन्हापुन्हा सांगितलेलं वाक्य आठवत होतं, की औषध थांबलं म्हणजे परिणाम लगेच थांबतोच असं नाही. किती वेळ लागेल हे वयावर, यकृतावर, मूत्रपिंडावर अवलंबून. फळ्यावर ती सुंदर उतरती रेघ काढायची. आज त्या रेघेच्या टोकाला एक माणूस झोपलं होतं.

सकाळी ती दवाखान्याच्या जिन्यातच होती, तेव्हा भावजींचा फोन आला. तिला घ्यायचं धाडस होईना. वर पोचली, तर ते दारातच उभे. डोळे तारवटलेले, रात्रभर डोळ्यांत तेल घालून मॉनिटरकडे बघत बसले असावेत.

"पंचेचाळीस," ते म्हणाले. आवाज कुजबुजल्यासारखा, जणू मोठ्यानं बोललं तर आकडा खाली पडेल. "हे चांगलं ना? तूच सांग. मी नर्सला विचारलं, पण तू सांग."

"चांगलं आहे, भावजी."

"खात्रीनं?"

"वर यायला लागलंय. अजून थांबू या."

दुपारपर्यंत पन्नाशी ओलांडली. डॉक्टर येऊन गेला, परत आला, आणि मग काहीच काम नसताना आणखी एकदा आला. दिवस कलायच्या सुमाराला मॉनिटरनं साठ दाखवले, मग अठ्ठावन्न, मग बासष्ट. आत्या उठून बसली आणि म्हणाली, "मला भूक लागलीय. आणि ही खिडकी कुणी बंद केली?" कित्येक आठवड्यांनंतर तिनं आपणहून काही मागितलं होतं. तिचे हात गरम झाले होते. धाकटीनं मुद्दाम ते धरून पाहिले.

डॉक्टरनं खाटेजवळ तयार ठेवलेली तारेची ट्रॉली परत नेववली. "पेसमेकर रद्द," तो म्हणाला. "गरज असलेल्या माणसाला लावू." भावजींनी त्याचे दोन्ही हात धरले आणि इतके हलवले, की त्याचं पेन खिशातून पडलं.

धाकटी बाहेर बाकावर जाऊन बसली. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो असा पडतो हे तिला आज कळलं. आधी हसू येतं, मग का कोण जाणे रडू. नवरा कागदी कपातून चहा घेऊन आला आणि शेजारी बसला. थोड्या वेळानं भावजी आले, ते दुसऱ्या बाजूला बसले.

"काल मी बोललो ते…" त्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही घाबरला होतात, भावजी. मीही घाबरले होते."

"तू? तुला तर माहीत होतं."

"माहीत असणं वेगळं. थांबा म्हणणं वेगळं," ती म्हणाली. "तिनं माझ्या मांडीवर पर्स ठेवली ना, तेव्हापासून एकच घोळत होतं, माझं चुकलं तर?"

भावजींनी मान डोलावली. मग तिच्या हातातला अर्धा चहा मागून घेतला आणि पिऊन टाकला.

आत्याला आणखी दोन दिवस ठेवून घेतलं. तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्वतः येऊन दाब मोजून गेल्या. नवे थेंब रोज एकदाच घालायचे होते. धाकटीनं आत्याला ते कसे घालायचे ते शिकवलं. एकच थेंब, मग डोळा मिटायचा आणि आतल्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. आत्यानं पहिल्याच खेपेला बिनचूक केलं, आणि दुसऱ्या खाटेवर नव्यानं आलेल्या बाईंना लगेच तेच शिकवायला घेतलं. त्या बाईंना डोळ्यांचा काही त्रास नव्हता, हे त्यांनी सांगूनही उपयोग झाला नाही. रक्तदाबासाठी दुसरी गोळी मिळाली. आत्यानं ती ठरलेल्या वेळी घ्यायचं कबूल केलं, तेही डॉक्टरवर उपकार केल्याच्या थाटात. आणि तिची तपासणी करून डोळ्यांच्या बाईंनी सांगितलं, की नजर अजून भक्कम आहे, वेळेवर दाखवत राहिलात तर अशीच राहील, पोहण्यालाही कसली आडकाठी नाही. ते ऐकून आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि नाक शिंकरलं.

घरी न्यायच्या दिवशी दोघं भाऊ कामावर होते. धाकटीनं कॉलेजात रजा टाकली आणि आत्याला गाडीत घातलं. दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून आत्याचं तोंड बंद नव्हतं. धाकटी गाडी फार हळू चालवते. वळताना आरशात बघत नाही. त्या दवाखान्यातली पोळी म्हणजे नुसतं चामडं. थोरला लहानपणी पाण्याला इतका भ्यायचा, की त्याला पायऱ्यांवर बसवून ठेवावं लागायचं, आणि धाकटा मात्र बेडकासारखा. शेजारचे कोण कोण भेटायला येतील आणि त्यातलं कोण उगाच रडेल. सिग्नल लागला, सुटला, मागून कुणी हॉर्न मारला, त्यालाही आत्यानं मागे वळून दोन शब्द सुनावले.

धाकटी हूं हूं करत होती. एरवी हे ऐकून तिचं डोकं दुखायला लागलं असतं. घराची गल्ली आली, तेव्हा ती वळली नाही, सरळ पुढे गेली.

"अगं, घर मागं राहिलं!"

"असू दे. चक्कर मारून येऊ," धाकटी म्हणाली. "तुम्ही सांगत होतात ना, भावजी पायऱ्यांवर बसायचे. मग पुढं काय झालं?"